नॅरोबोटीने ११० मैल, सात दिवस: हिशोब जमतोय का?

गोदाकाठ | १८ फेब्रुवारी २०२३, रात्री ९:४०

मंडळी, जाणकारांचा सल्ला हवा आहे. मेअखेरीस, पोरांच्या हाफ टर्मला, म्हणजे शाळेच्या सत्रामधल्या सुट्टीत, आई-बाबा नाशिकहून येतायत. मागच्या खेपेला लंडन, बाथ, लेक डिस्ट्रिक्ट सगळं पालथं घातलं आणि निघताना आईने सांगितलं, "पुन्हा एवढी पायपीट करायची असेल तर मी आपली गंगेवर बरी." म्हणून यंदा बसल्याबसल्या बघता येईल असं काहीतरी शोधत होतो.

नॅन्टविचहून सात रात्रींसाठी नॅरोबोट, म्हणजे इंग्लंडच्या कालव्यांवरची लांब-अरुंद घरबोट, घेतली आहे. ६० फुटी, सहा जण झोपतील अशी. शनिवार २७ मेला दुपारी तीनला ताब्यात, पुढच्या शनिवारी सकाळी नऊला परत. आगाऊ रक्कम भरून झाली. आम्ही दोघं, मुलगी (१३), मुलगा (९) आणि आई-बाबा. बाबा ७१ वर्षांचे, पाटबंधारे खात्यातून निवृत्त, उमेदीची वर्षं नांदूर मधमेश्वरच्या कालव्यांवर काढलेली. फोनवर सांगितलं तर आधी हसले आणि मग म्हणाले, "रिटायर झाल्यावर पुन्हा कालव्यावरच नेतोस का?"

मार्ग ठरवलाय तो फोर काउंटीज रिंग, कालव्यांची गोल वाट. नॅन्टविच, मिडलविच, स्टोक-ऑन-ट्रेंट, स्टोन, ग्रेट हेवुड, वुल्वरहॅम्प्टनच्या कडेने मार्केट ड्रेटन आणि परत नॅन्टविच. गोल असल्याने आल्या वाटेने परतायला नको. अंतर ११० मैल, वेगमर्यादा ताशी ४ मैल, म्हणजे २८ तास. सात दिवसांत वाटले की रोज चार. सकाळी नाश्ता, चार तास बोट, दुपारनंतर गावात भटकंती. काही राहतंय का?

चहाटळ | १८ फेब्रुवारी, रात्री १०:०५

ताशी चार मैल? आमचे आजोबा याहून जोरात पंढरीला जायचे, तेही फुकट.

खडकवासला | १८ फेब्रुवारी, रात्री १०:२०

आम्हा पुणेकरांना कालवा म्हटलं की मुठा उजवा कालवा आठवतो. त्यात बोट घालायची कल्पनाच नाकाला सहन होत नाही. वाचतोय. फोटो टाका.

पाणकोंबडी | १९ फेब्रुवारी, सकाळी ७:१५

गोदाकाठ, राहतंय. तुमच्या हिशोबात बोट वर-खाली करणारे ९४ लॉक राहिलेत.

मी आणि नवरा सहा वर्षं बोटीवरच राहतो. कायमचं ठिकाण घेतलेलं नाही, त्यामुळे १४ दिवसांच्या वर एका जागी थांबता येत नाही, कायदाच आहे तसा. म्हणजे मार्ग आखणं हा आमचा दर पंधरवड्याचा उद्योग. हिशोब कसा करायचा ते सांगते.

मैल आणि लॉक यांची बेरीज करायची आणि तिनाने भागायचं. उत्तर तासांत. एक मैल वीस मिनिटं, एक लॉकही वीस मिनिटं. ४ मैल ही मर्यादा आहे, तुमचा वेग नव्हे. बांधून ठेवलेल्या बोटींच्या शेजारून इंजिन अगदी मंद करून जावं लागतं, आणि काही भागांत अशा बोटींची रांग मैलभर असते. वळणं, अरुंद पूल, समोरून येणारी बोट. तीन मैल पडले तरी खूप झालं.

११० अधिक ९४ म्हणजे २०४. भागिले ३, म्हणजे ६८ तास. पहिल्या दिवशी बोट समजून घेऊन निघेपर्यंत चार वाजतात, शेवटच्या दिवशी नऊला परत द्यायची. तुमच्या हातात पूर्ण दिवस सहा. रोज अकरा तासांच्या वर. वाटेत व्हीलॉकपासून किड्सग्रोव्हपर्यंत सात मैलांत २६ लॉक आहेत, बोटवाल्यांनी त्या चढाचं नावच 'हार्टब्रेक हिल' ठेवलंय. मग हेअरकॅसलचा बोगदा, २,९२६ यार्ड, एका वेळी एकाच दिशेने वाहतूक आणि तीही ठरलेल्या वेळेत. उशिरा पोचलात तर रात्र दारातच काढायची.

चार धडधाकट मित्र असतील तर आठवड्यात रिंग करतात लोक. पहाटे निघतात, संध्याकाळी बीअर पिऊन आडवे होतात आणि 'केली' म्हणून सांगतात. तुमच्या आईंना बसून बघायचं आहे ना?

गोदाकाठ | १९ फेब्रुवारी, सकाळी ९:३०

अरे देवा. ६८?? बायकोने हे वाचलं आणि "मी म्हटलं होतं" असं काही न म्हणता नुसती बघून गेली.

एक बावळट प्रश्न. एका लॉकला वीस मिनिटं कशाला लागतात?

समोच्च | १९ फेब्रुवारी, सकाळी ११:००

बावळट कशाने? लॉक म्हणजे दोन टोकांना दारं असलेला हौद. सात फूट रुंद, ७० फुटांच्या आसपास लांब. तुमची बोट त्यात जेमतेम मावते, दोन्ही बाजूंना एक-दोन बोटं जागा. वर जायचं असेल तर आधी हौद रिकामा असायला हवा. नसला तर तोच आधी रिकामा करा. बोट आत घ्या, मागची दारं लावा, विंडलस नावाच्या एल आकाराच्या हँडलने वरच्या बाजूची पॅडल उघडा, म्हणजे पाण्याच्या झडपा. पाणी भरतं, बोट उचलली जाते, दोन्हीकडची पातळी एक झाली की दार ढकला. त्याआधी तीन माणसांनी जोर लावला तरी हलणार नाही. बाहेर पडा, दार लावा, पॅडल खाली करा, माणसं परत बोटीवर घ्या. एका खेपेला लाखभर लिटरच्या वर पाणी खालच्या टप्प्यात जातं.

आता माझा आवडता विषय, कंटाळा आला तर पुढे जा. तुमच्या रिंगमध्ये दोन पिढ्यांची डोकी आहेत. स्टॅफर्डशायर-वुस्टरशायर कालवा १७७२ चा आणि ट्रेंट-मर्सी १७७७ चा, दोन्ही जेम्स ब्रिंडलीच्या आखणीचे. तो समोच्च रेषा, म्हणजे एकाच उंचीची वाट, धरून जायचा. टेकडी आली की वळसा. म्हणून ते कालवे नदीसारखे नागमोडी. श्रॉपशायर युनियनची मुख्य वाट १८३५ ची, थॉमस टेलफर्डची. तोवर रेल्वेची चाहूल लागली होती, वेळ वाचवायचा होता. तो सरळ रेघ मारतो. टेकडी आली की कापायची, दरी आली की भराव, आणि लॉक सगळे एकाजागी गोळा करायचे. ऑडलेमला ओळीने १५, अ‍ॅडर्लीला ५, टर्लीला ५, आणि मधे मैलोन् मैल काहीच नाही.

आखणी करताना हे कामाला येतं. टेलफर्डच्या कालव्यावर एक दिवस घामाचा आणि दुसरा आरामाचा असे वाटे पडतात. ब्रिंडलीच्या कालव्यावर सुटे लॉक सतत येत राहतात, चहाचा कप हातात घेतला की पुढचा लॉक दिसतो.

चहाटळ | १९ फेब्रुवारी, सकाळी ११:२०

म्हणजे ब्रिंडली पुण्याच्या पेठांत वाढलेला आणि टेलफर्ड चंडीगडचा.

पाणकोंबडी | १९ फेब्रुवारी, दुपारी १:१०

समोच्च, छान लिहिलंत. गोदाकाठ, नॅन्टविचहूनच निघायचं असेल तर लँगोलेन कालवा बघा. दोन मैलांवर हर्लस्टन जंक्शन, तिथून डावीकडे. लँगोलेन गावापर्यंत साधारण ४४ मैल आणि २१ लॉक. नॅन्टविचपासून धरून ६७, म्हणजे जायला साडेबावीस तास. जाऊन-येऊन ४५. तरीही रोज साडेसात, पण माणसाच्या आवाक्यातलं.

आणि वाटेत पाँटकसुल्ते. १८०५ चा जलसेतू, टेलफर्ड आणि विल्यम जेसप यांचा. डी नदीच्या वर १२६ फुटांवरून बिडाच्या पन्हाळीत कालवा जातो, हजार फुटांहून लांब. २००९ पासून जागतिक वारसा. तुमच्या बाबांना हे दाखवायचं सोडून स्टोकच्या मागच्या भिंती काय दाखवताय?

गोदाकाठ | १९ फेब्रुवारी, रात्री ८:४५

पण मग आल्या वाटेने परत यायचं. तेच तेच.

पाणकोंबडी | १९ फेब्रुवारी, रात्री ९:००

नाशिकहून मुंबईला जाता तेव्हा कसारा घाट चढताना आणि उतरताना एकच दिसतो का?

गोदाकाठ | २० फेब्रुवारी, सकाळी ८:१०

निरुत्तर. बाबांना फोन केला. नकाशा त्यांच्याकडेही उघडलेला होता. त्यांचा मूळ आक्षेप इंग्लंडच्या सगळ्याच कालव्यांवर: "वाहत नाही तो कालवा कसला? तो लांबलचक तलाव." आपल्याकडे कालव्याला उतार असतो, आवर्तन सुटतं, पाणी शेतात जातं. इथे दोन लॉकमधलं पाणी सपाट, पडून. पण लँगोलेनचं वाचता वाचता त्यांना सापडलं की हा वाहतो! डी नदीवर हॉर्सशू फॉल्सला टेलफर्डनेच अर्धचंद्राकार बंधारा घातलाय, तिथून पाणी घेऊन हा कालवा हर्लस्टनच्या जलाशयात पिण्यासाठी सोडतो. दिवसाला सुमारे १.२ कोटी गॅलन. बाबांनी तिथल्या तिथे क्युसेक काढले: २२. "एवढं तर आमच्या एका वितरिकेला असायचं," म्हणाले. पण आवाज बदलला होता. आता त्यांना जलसेतूपेक्षा तो बंधारा बघायचा आहे.

तेव्हा रिंग रद्द. लँगोलेन.

समोच्च | २० फेब्रुवारी, सकाळी ९:४०

बाबांना माझा नमस्कार सांगा. प्रवाहाचा मुद्दा आखणीत धरा बरं का. जाताना तुम्ही त्या २२ क्युसेकच्या उलट जाणार. उघड्या कालव्यात फार जाणवत नाही, पण अरुंद जागी, पुलाखाली, चर्कच्या बोगद्यात (४५९ यार्ड) बोट जागच्या जागी उभी आहे असं वाटतं. अशा वेळी इंजिन वाढवू नका. उथळ, अरुंद पाण्यात जोर दिला की पंखा बोटीखालचंच पाणी मागे फेकतो, मागचा भाग खाली बसतो, तळ घासतो आणि वेग उलट कमी होतो. काठावर लाट फुटायला लागली की समजायचं, डिझेल वाया चाललंय.

रानजाई | २० फेब्रुवारी, दुपारी ४:३०

आम्ही २०१९ ला याच कालव्यावर होतो, ऑगस्टात. तीन गोष्टी सांगते.

ग्रिंडली ब्रुकला सहा लॉक आहेत, त्यातले वरचे तीन एकमेकांना चिकटलेले, जिन्यासारखे. एकाचं वरचं दार तेच दुसऱ्याचं खालचं. हंगामात तिथे लॉककीपर असतो, तो सांगेल तसंच करायचं, आपली अक्कल चालवायची नाही. आम्ही दीड तास रांगेत होतो. तुम्ही बँक हॉलिडेला जाताय, त्याहून जास्त धरा.

ट्रेव्हर ते लँगोलेन हे शेवटचे साडेचार मैल सुंदर पण छळवादी. डोंगराच्या कडेने कोरलेली वाट, काही ठिकाणी एकच बोट मावते. समोरून कोणी येतंय का बघायला पोराला पुढे चालत पाठवावं लागतं. आम्ही समोरासमोर पाच बोटी अडकलो होतो, अगदी अप्पा बळवंत चौक.

आणि आम्हाला वाटलं होतं की कुठेही वळू. ६० फुटी बोट २०-२५ फुटी कालव्यात वळत नाही! त्यासाठी नेमून दिलेल्या रुंद जागा असतात, 'विंडिंग होल'. उच्चार 'विंड'च, वाऱ्यातला. नकाशात त्या आधी शोधून ठेवा आणि तुमच्या लांबीची बोट मावते का तेही बघा.

पाणकोंबडी | २० फेब्रुवारी, संध्याकाळी ६:००

रानजाईने नेमकं सांगितलं. माझा सल्ला: लँगोलेनपर्यंत बोट नेऊच नका. जलसेतू ओलांडला की लगेच ट्रेव्हरचा धक्का आहे, तिथे वळा, बोट बांधा आणि लँगोलेनला बसने जा. कागदावर तीन तास वाचतात, प्रत्यक्षात अर्ध्या दिवसाच्या वर. बंधाऱ्यापर्यंत तसंही स्वतःची बोट नेता येत नाही, गावापुढे इंजिनाच्या खासगी बोटींना बंदी आहे, फक्त घोड्याने ओढायची पर्यटकांची बोट जाते. गावातून टोपाथने, म्हणजे कालव्याकाठच्या पायवाटेने, दोन मैल चालावं लागेल. सपाट आहे, बाबा जातील.

आखणीसाठी दोन साधनं. एक, 'कॅनालप्लॅन' ही फुकट वेबसाइट. निघायची जागा, पोचायची जागा, दिवसाला किती तास एवढं भरा, ती मुक्काम सुचवते. दोन, निकल्सनची मार्गदर्शिका क्रमांक ४, 'फोर काउंटीज अँड द वेल्श कॅनाल्स'. पाण्याचे नळ, कचरा, संडास रिकामा करायची जागा, पब, दुकानं, सगळं मैलावार. पुस्तकच घ्या, मोबाइलची रेंज बोगद्यात आणि खोल कापात जाते.

आणि निघण्याआधी कॅनाल अँड रिव्हर ट्रस्टच्या सूचना रोज बघा. मोठ्या दुरुस्त्या ते शक्यतो नोव्हेंबर ते मार्च उरकतात, पण दार मोडायला ऋतू लागत नाही. गेल्या उन्हाळ्यात तर पाणीच नव्हतं, लीड्स-लिव्हरपूल कालव्याचे कितीतरी लॉक बंद केले होते. लँगोलेनला डीचं पाणी असल्यामुळे तो धोका कमी.

खडकवासला | २० फेब्रुवारी, संध्याकाळी ६:३०

पॅडल उघडं राहिलं तर काय होतं?

पाणकोंबडी | २० फेब्रुवारी, संध्याकाळी ७:१०

मार्च २०१८ मध्ये नॅन्टविच आणि मिडलविचच्या मधे हेच झालं. लॉकची पॅडल उघडी राहिली, पाणी अनावर झालं, भरावावरून वाहिलं आणि भराव घेऊन खालच्या नदीत गेलं. कोरड्या खड्ड्यात बोटी तिरक्या पडलेल्या. दुरुस्तीला ३० लाख पौंडांच्या घरात खर्च आला आणि कालवा डिसेंबरात सुरू झाला. म्हणून लॉक सोडताना मागे वळून बघायचंच. दार लागलंय? पॅडल खाली?

खडकवासला | २० फेब्रुवारी, संध्याकाळी ७:२५

अवांतर: त्याच वर्षी सप्टेंबरात आमचा मुठा कालवाही फुटला होता, दांडेकर पुलाजवळ पार घरांत पाणी. तेव्हा खापर उंदीर-घुशींवर फुटलं होतं. निदान इंग्लंडच्या उंदरांवर आळ आला नाही.

पाणकोंबडी | २१ फेब्रुवारी, सकाळी ७:००

एक गंभीर गोष्ट राहिली, ती वेगळी लिहिते म्हणजे हरवणार नाही.

लॉकमध्ये वरच्या दाराखाली दगडी उंबरा असतो, सिल म्हणतात. वर असताना पाण्याखाली दिसत नाही. खाली उतरताना पाणी ओसरतं आणि बोटीचा मागचा भाग त्या उंबऱ्यावर राहिला तर तो तिथेच अडकतो, नाळ, म्हणजे बोटीचं पुढचं टोक, खाली जात राहते आणि बोट काही मिनिटांत बुडते. भिंतीवर पांढरी रेघ असते. उतरताना बोट त्या रेघेच्या पुढेच ठेवायची. सुकाणूवरच्या माणसाने नजर तिथून हलवायची नाही, फोटो नाही, चहा नाही. आणि पॅडलवर जो असेल त्याने बोटीकडे बघत राहायचं. कोणी ओरडलं की आधी पॅडल बंद, मग 'काय झालं' विचारायचं. आई-बाबांना उतरताना आत, जिन्याजवळ बसवू नका. वर किंवा काठावर.

आणि जलसेतूवर एका बाजूला टोपाथ आणि कठडा आहे, दुसऱ्या बाजूला काही नाही. पन्हाळीची कड पाण्यापासून वीतभरही वर नाही. पलीकडे थेट दरी. मुलगा ९ वर्षांचा आहे म्हणालात. त्याला आत खिडकीशी बसवा किंवा टोपाथने आजोबांबरोबर चालू द्या.

रानजाई | २१ फेब्रुवारी, सकाळी ८:२०

+१. आणि डाळ-तांदूळ, पोहे, पिठं घरून न्या. एल्समिअरला कालव्याच्या फाट्याच्या टोकाशीच टेस्कोचं दुकान आहे, पण तिथे पोचेपर्यंत तिसरा दिवस उजाडतो. कुकर न्या, बोटीवर नसतो.

गोदाकाठ | ११ जून २०२३, रात्री १०:१५

परत आलो! उशिराबद्दल माफी, आई-बाबांना विमानात बसवलं आणि आज लिहायला बसलो.

आकडे आधी. कॅनालप्लॅनने ४२ तास सांगितले होते, लागले ४९. बाबांनी पहिल्या लॉकपासून वहीत वेळ लिहिली. सरासरी एका लॉकला १७ मिनिटं, पहिल्या दिवशी २६, शेवटच्या दिवशी १२. सुधारणेचं श्रेय मुलीचं. तिसऱ्या दिवसापासून ती विंडलस कमरेला खोचून पुढच्या लॉककडे आधीच चालत जायची आणि आम्ही पोचेपर्यंत दार उघडून उभी असायची. घरी तिला पाण्याचा ग्लास आणायला सांगून बघा.

शनिवारी हर्लस्टनचे चार लॉक चढून थांबलो. रविवारी स्वॉनली, बॅडिली, रेनबरीचा उचलायचा पूल. तो किल्ली लावून बटणाने वर जातो, गाड्या अडतात. मुलाने बटण दाबलं आणि सात गाड्या थांबवल्या. आठवड्यातला त्याचा सर्वोच्च क्षण तोच. जलसेतूबिलसेतू नंतर.

फजिती बॅडिलीला. इथे लॉकच्या शेजारून जादा पाण्याची वाट असते, लॉकच्या खालच्या तोंडाशी ती आडवी येऊन मिळते. इतर कालव्यांवर म्हणे तिथे जेमतेम धार असते, पण हा कालवा वाहता, त्यामुळे चांगला लोंढा. मी सरळ लॉककडे नाळ धरून चाललो होतो, लोंढ्याने ती ढकलली आणि बोट आडवी होऊन काठावर ठाण. मी सुकाणू चुकीच्या बाजूला दाबला, कारण ते जिकडे ढकलाल त्याच्या उलट बोट वळते आणि घाबरलेल्या माणसाला ते आठवत नाही. बाबा शांतपणे म्हणाले, "सांडवा आहे रे तो. सांडव्यासमोर कोणी असं जातं का?" नंतर प्रत्येक लॉकला ते पुढे उभे राहून हात करायचे, सांडवा डावीकडे की उजवीकडे. एकदाही चुकले नाहीत.

सोमवारी ग्रिंडली ब्रुकला रांग दोन तास दहा मिनिटं. रानजाई, तुमचं ऐकून पोह्यांचा घाट रांगेतच घातला. पुढच्या बोटीवरच्या आजोबांनी वास घेत डोकावून पाहिलं, त्यांना वाटीभर दिले, त्यांनी आम्हाला बोट बांधायची मेख ठोकायची खरी पद्धत शिकवली: काठापासून लांब आणि तिरकी. तोवर आमच्या मेखा कोणी जोरात गेलं की उपटून यायच्या.

विचर्चच्या पुढे सपाट पाणथळ माळ, हाताने उचलायचे पूल. मग एल्समिअरचे तलाव, ब्लेक मिअर तर टोपाथला लागूनच. आईने तिथे दोन तास नुसती बसून काढले. एकदा म्हणाली, "गंगापूरला असं कुणी बसू देत नाही."

बुधवारी सकाळी पाँटकसुल्ते. काय लिहू. बोटीच्या उघड्या बाजूने खाली बघितलं तर झाडांचे शेंडे, त्याखाली नदी, मधे काही नाही. बायको सुकाणूवर होती, तिने सबंध वेळ फक्त समोर बघितलं. आजोबा-नातू टोपाथने. बाबा मधेच थांबले, कठड्यावरून वाकून खांब बघितले आणि विचारलं, "दुरुस्तीला रिकामी कशी करतात?" तळाला बूच आहे, ते काढलं की पाणी खाली नदीत पडतं, हे मी वाचून ठेवलं होतं. पूर्ण सहलीत मला आधी माहीत असलेली ही एकमेव गोष्ट.

ट्रेव्हरला वळलो (पाणकोंबडी, कोटी कोटी धन्यवाद, समोर लँगोलेनकडून येणाऱ्यांची तोंडं बघण्यासारखी होती). बसने लँगोलेन, तिथून चालत हॉर्सशू फॉल्स. पाणी अगदी पातळ पडद्यासारखं बंधाऱ्यावरून घसरतं. बाबा तिथे किती वेळ होते माहीत नाही. पाणी मोजायचं घर, कालव्याचं तोंड, सगळं फिरून बघितलं. येताना एवढंच बोलले, "१८०८ चा आहे. आपल्याकडे पेशवाई होती. आणि अजून गळत नाही."

चूक कबूल करतो. परतीला प्रवाह बरोबर आहे म्हणून गुरुवारी एल्समिअरला पुन्हा रेंगाळलो आणि शुक्रवारी ग्रिंडली ब्रुकपासून नॅन्टविचपर्यंत एका दिवसात यावं लागलं. साडेचौदा मैल, १९ लॉक. सकाळी सात ते संध्याकाळी साडेसहा. पाणकोंबडीच्या भागाकाराने ११ तास येतात, लागले साडेअकरा. रोज एवढं करायचं म्हणजे रिंग, हे त्या दिवशी खांद्यांना कळलं.

पाणकोंबडी | १२ जून, सकाळी ७:०५

वाचून सकाळ छान गेली. पण शुक्रवारी उतरताना सगळी पॅडल बघितलीत ना?

गोदाकाठ | १२ जून, सकाळी ८:००

बाबांच्या वहीत तोही रकाना आहे. १९ पैकी १९ वर बरोबरची खूण.

चहाटळ | १२ जून, सकाळी ९:१५

मी सुरुवातीला हसलो होतो ते मागे घेतो. पुढच्या वर्षी पोहे करायला माणूस लागेल का?

गोदाकाठ | १२ जून, रात्री ९:३०

लागेल बहुधा. काल नाशिकला पोचल्या पोचल्या बाबांनी फोर काउंटीज रिंगचं वेळापत्रक व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलंय. सात नाही, दहा दिवसांचं. २०४ भागिले ३, रोज पावणेसात तास, हेअरकॅसलच्या आदल्या रात्रीचा मुक्काम किड्सग्रोव्हला म्हणजे सकाळी रांगेत पहिले. प्रत्येकाच्या नावापुढे काम लिहिलंय. आईच्या रकान्यात एकच नोंद आहे, दहाही दिवसांना मिळून: 'बसणे.'